गुळाचा बैल आणि चॉकलेटचा गुलाब

गेल्या आठवड्यात आमच्या चिऊचा नववा वाढदिवस झाला. केक घरीच करायचा आणि केकवरची फुलंपानंसुद्धा घरीच करायची, असं तिनं आणि तिच्या आईनं आधीच ठरवून टाकलं होतं. सूनबाई मध्ये एका रविवारी कुठल्याशा वर्गाला जाऊन ही विद्या शिकून आल्या आहेत. चॉकलेटची कणीक मळायची आणि तिची फुलं, पक्षी, बाहुल्या, काय हवं ते करायचं. सगळं खाता येतं. मी आपला पेपर वाचत बसलो होतो. "आबा, तुम्ही पण या. तुम्ही शाळेत मातीकाम घ्यायचात ना!" असं म्हणून चिऊनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. सदतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला विद्यार्थी म्हणून बसायची वेळ क्वचितच येते. बसलो.

कृती तशी सोपी आहे. एका पातेल्यात पाणी गरम करायचं, वर दुसरं भांडं ठेवून त्यात चॉकलेट वितळवायचं. मग त्यात लिक्विड ग्लुकोज नावाचा चिकट, काचेसारखा पारदर्शक पाक घालायचा आणि हलक्या हातानं ढवळायचं. इथं एक गंमत होते. नुसतं वितळलेलं चॉकलेट वाहतं असतं, पण हा पाक पडला की दोनचार फेऱ्यांत त्याचा घट्ट गोळा होऊन भांड्याच्या कडा सोडतो. चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला तर ते फाटल्यासारखं आवळून येतं, हे बेकरीवाल्यांना ठाऊक असतं. इथं तोच दोष मुद्दाम आणायचा. पाकातल्या थोड्याशा पाण्यानं साखरेचे आणि कोकोचे कण एकमेकांना धरतात आणि कोकोची चरबी त्यांच्यात अडकून राहते. फार ढवळलं तर मात्र तूप सुटतं. आमचा पहिला गोळा असाच तुपाळला. दुसरा नीट जमला. तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवला आणि सकाळी मळायला घेतला तेव्हा दगड झाला होता. पण हाताच्या उबेनं हळूहळू मऊ झाला. कोकोची चरबी साधारण चौतीस अंशाला वितळते, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाच्या जरासंच खाली. त्यामुळे मुलांचे गरम हात मध्ये मध्ये गार पाण्यात बुडवून, पुसून घ्यावे लागतात. मे महिन्यात हा उद्योग करू नये, हे वेगळं सांगायला नको.

चिऊनं लहान लहान गोळ्या दाबून पाकळ्या केल्या आणि एका सुळक्याभोवती एकेक चिकटवत सुरेख गुलाब केला. माझा गुलाब कोबीच्या गड्ड्यासारखा झाला. सहा वर्षांच्या धाकट्यानं साप केला (साप सगळ्यांना येतो), मग त्याची शेपटी खाल्ली, मग उरलेला साप खाल्ला, आणि तोंड पुसत विचारलं, "आबा, तुम्ही लहान होतात तेव्हा अशी खायची माती होती का?"

इतिहासाच्या मास्तराला असा प्रश्न विचारू नये. उत्तर लांबतं.

चॉकलेट आमच्याकडे कुठलं असायला! पण खायचे दागिने होते. थोरल्या वहिनीच्या पहिल्या संक्रांतीला आमच्या आईनं घरी हलवा केला होता. पौषातली पहाट, अंगणात शेगडी, वर परात. परातीत तीळ, साबुदाणा, खसखस यांतलं एकेक घ्यायचं आणि चमच्यानं थेंब थेंब पाक घालत बोटांनी सारखं फिरवत राहायचं. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, विस्तव जास्त झाला तर काटा मोडतो. माझं काम शेगडी जपायचं. निखारे फुलले की आई ओरडायची, विझले तरी ओरडायची. चार-पाच पहाटा असं केल्यावर त्या दाण्यांना पांढरा शुभ्र काटा आला. मग दोऱ्यात ओवून, कागदावर चिकटवून त्याचे हार, बाजूबंद, बिंदी, बांगड्या, नथ असे दागिने झाले आणि वहिनी काळी चंद्रकळा नेसून ते घालून बसली. दोन दिवसांनी आम्ही मुलांनी तन्मणी खाल्ला, मग बाजूबंद. दोऱ्यासकट. आईच्या बोटांची टोकं मात्र पुढे कितीतरी दिवस भाजल्यासारखी लाल होती.

हे सगळं ऐकून धाकटा म्हणाला, "म्हणजे होती." बरोबरच आहे. होती. आणि ती किती जुनी होती, हे त्या दिवशी चॉकलेट मळता मळता मी मुलांना जेवढं सांगितलं, आणि जे त्यांना सांगताना मलाच अडखळायला झालं, ते इथं लिहून ठेवतो आहे.

ऊस मूळचा तिकडे पॅसिफिकमधल्या न्यू गिनी बेटाकडचा, पण उसाच्या रसाची दाणेदार साखर पहिल्यांदा केली ती आपल्याकडे, भारतात. 'शर्करा' म्हणजे मुळात खडी, वाळू. हाच शब्द फारसी-अरबीतून फिरत फिरत युरोपात गेला आणि 'शुगर' झाला. 'खंड' म्हणजे तुकडा. त्यापासून अरबी 'कंद' आणि इंग्रजी 'कँडी'. मुलं आज दुकानात कँडी मागतात तेव्हा आपल्याच घरचा शब्द परत मागत असतात, फक्त त्याचे पैसे पडतात!

साखर पश्चिमेकडे गेली ती अरबांच्या हातून, आणि तिच्या मूर्ती करायची हौस पहिल्यांदा फुलली ती त्यांच्याच दरबारात. नासिर खुस्रो नावाचा एक इराणी कवी अकराव्या शतकात, १०४७ च्या सुमारास, कैरोला गेला होता. तिथल्या फातिमी सुलतानाच्या ईदच्या मेजवानीची तयारी त्यानं पाहिली आणि आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. त्या दिवसासाठी पन्नास हजार मण साखर लागते, असं त्याला सांगण्यात आलं. (तिथला मण आपल्या मणापेक्षा पुष्कळ लहान, तरीही!) त्यानं एक संत्र्याचं झाड पाहिलं. फांद्या, पानं, फळं सगळं साखरेचं. शिवाय साखरेच्या हजारो मूर्ती. मी हे वाचलं तेव्हा आधी आईची परातच डोळ्यांसमोर आली. त्या झाडाची पानं कोणाच्या बोटांनी केली असतील? नासिर खुस्रो ते लिहीत नाही. मेजवानीचं वर्णन करणारे लोक बहुधा ते लिहीत नाहीत.

युरोपात पुढची पाचशे वर्षं साखर ही राजेरजवाड्यांची आणि औषधविक्यांची वस्तू होती. साखरेत डिंक घालून तिची कणीक करायची आणि तिचे किल्ले, जहाजं, प्राणी करून पंगतीत मिरवायचे, ही श्रीमंती दाखवायची रीत होती. १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला गेला, तेव्हा त्याच्यासाठी मांडलेल्या फराळात ताटं, सुऱ्या, काटे सगळं साखरेचं होतं. राजानं हात पुसायला रुमाल उचलला तर तो त्याच्या हातात मोडला, असं सांगतात. रुमालही साखरेचा होता.

या कलेचा शेवटचा मोठा उस्ताद म्हणजे फ्रान्सचा आंतोनँ कारेम. त्याची गोष्ट मुलांना फार आवडली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याच्या गरीब बापानं दहा-अकरा वर्षांच्या या पोराला पॅरिसमध्ये सोडून दिलं. पोरगा एका खानावळीत राबायला राहिला. पुढे एका मिठाईवाल्याकडे उमेदवारी मिळाली. तो फावल्या वेळात ग्रंथालयात जाऊन जुन्या देवळांची, इमारतींची चित्रं बघायचा आणि दुकानात येऊन साखरेची, बदामाच्या लगद्याची तशीच देवळं उभी करायचा. पुढे त्यानं बड्या बड्या मुत्सद्द्यांच्या आणि राजांच्या घरी स्वयंपाक केला, ग्रंथ लिहिले. १८३३ साली वारला, तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती. जन्मभर कोळशाच्या धुरात काम केल्यामुळे तो लवकर गेला, असं मानतात.

"म्हणजे तो शाळेत गेलाच नाही?" चिऊनं विचारलं.

"नाही."

"मग त्याला चित्रं कोणी शिकवली?"

"त्याचा तोच शिकला."

चिऊ गप्प झाली आणि पाकळ्या करू लागली. मला वाटलं, विषय संपला. संपला नव्हता.

आता आमच्या पातेल्यातल्या दोन वस्तूंकडे येतो. एक तो काचेसारखा पाक. १८११ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला, किर्खोफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला असं आढळलं की स्टार्च पाण्यात सौम्य आम्ल घालून उकळला की त्याचा गोड पाक होतो. तेव्हा नेपोलियनच्या युद्धांमुळे युरोपात उसाच्या साखरेची टंचाई होती, त्यामुळे या पाकाला मोठं महत्त्व आलं. आज आपण दुकानातून आणतो ते लिक्विड ग्लुकोज याच कुळातलं. दुसरी वस्तू चॉकलेट. मध्य अमेरिकेतले लोक हजारो वर्षं कोको पीत आले होते. युरोपातही तीनशे वर्षं चॉकलेट हे पेयच होतं. १८२८ साली हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेननं कोकोतली चरबी दाबून वेगळी काढायच्या रीतीचं पेटंट घेतलं, आणि १८४७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं तीच चरबी साखर-कोकोत परत घालून साच्यात ओतता येईल अशी वडी केली. चॉकलेट हातात धरता येऊ लागलं ते तिथपासून. म्हणजे सुलतानाच्या संत्र्याच्या झाडापासून आमच्या ओट्यावरच्या सापापर्यंत यायला आठशे-नऊशे वर्षं लागली, पण शेवटचा टप्पा पन्नास वर्षांच्या आत उरकला.

तरीसुद्धा अशी कणीक पोराच्या हातात द्यावी, हे कोणाला तरी सुचावं लागतं. मोठ्यांच्या दृष्टीनं तो पसारा असतो. मातीकाम म्हणजे खेळ नव्हे, शिक्षण आहे, असं ठामपणे म्हणणारा माणूस जर्मनीतला फ्रोबेल. त्यानं १८३७ साली लहान मुलांची शाळा काढली, १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हे नाव दिलं, आणि मुलांच्या उद्योगांत मातीचा समावेश केला. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ गावी विल्यम हार्बट या कलाशिक्षकानं वाळून न जाणारी माती तयार केली, ती प्लॅस्टिसीन. आपल्याकडे हे काम गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी केलं. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीनं ते कोसबाडला नेलं. परदेशी साधनं महाग, म्हणून त्यांनी माती, पानं, बिया, शंख-शिंपले ही साधनं केली. मुलं अंघोळ न करता येतात तर अंघोळीपासून शाळा सुरू केली. आणि जी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, त्यांच्यासाठी कुरणशाळा काढल्या. मूल गुरांमागे जातं तर शाळा मुलामागे कुरणात गेली. आम्हाला हे सगळं डी.एड.ला होतं. मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं आणि मला त्यात नऊ मार्क पडले होते.

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

चिऊनं तेवढ्यात विचारलं, "पण आबा, साखर राजांचीच होती, तर मग स्वस्त कशी झाली?"

हा खरा प्रश्न. वर्गात विचारला असता तर मी तिला शाबासकी दिली असती. घरात, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, हातात चॉकलेट असताना त्याचं उत्तर द्यायला जीभ रेटेना. पण मास्तरानं निम्मा इतिहास सांगू नये, म्हणून सांगितलं, जेवढं नऊ वर्षांच्या मुलीला सांगता येईल तेवढं.

साखर स्वस्त झाली ती कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये. आफ्रिकेतून लाखो माणसं पकडून, जहाजांत कोंबून तिथं नेली आणि उसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबवली. ती माणसं होती, आणि त्यांच्यात मुलंही होती. १७९१ साली ब्रिटिश पार्लमेंटनं गुलामांचा व्यापार बंद करायचं नाकारलं, तेव्हा इंग्लंडमधल्या हजारो कुटुंबांनी त्या मळ्यांची साखर खाणं सोडलं. व्यापार १८०७ मध्ये बंद झाला, गुलामगिरी संपवायचा कायदा १८३३ मध्ये झाला. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई दिली गेली, ती मालकांना. राबलेल्यांना नाही. आणि मग मळ्यांवर माणसं कमी पडली म्हणून करारावर भारतातून मजूर न्यायला सुरुवात झाली. मॉरिशसमध्ये आज मराठी घरं आहेत, गणपती बसतात, त्याचं आपल्याला कौतुक वाटतं. त्यांचे पूर्वज तिथं गेले ते ऊस तोडायलाच.

कोकोची गोष्ट फार वेगळी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधले मोठे चॉकलेटवाले, कॅडबरी, फ्राय, राउंट्री, हे क्वेकर पंथाचे, म्हणजे गुलामगिरीच्या विरोधात सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या पंथाचे लोक. आणि त्यांना लागणारा बराच कोको यायचा पोर्तुगिजांच्या साओ तोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवरून, जिथं अंगोलातून आणलेले मजूर नावाला करारावर, पण प्रत्यक्षात गुलामच होते. हेन्री नेव्हिन्सन हा पत्रकार १९०४-०५ मध्ये तिकडे जाऊन आला आणि १९०६ मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. १९०९ साली तिन्ही कंपन्यांनी तो कोको घेणं बंद केलं. कॅडबरींना या प्रकाराचा सुगावा १९०१ पासूनच होता, तरी ते तो कोको घेत राहिले, अशी टीका एका वर्तमानपत्रानं त्याआधीच केली होती. कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला आणि ते जिंकले. ज्युरीनं नुकसानभरपाई किती दिली? एक फार्दिंग. म्हणजे पाव पेनी. माझ्या मते इतिहासातला इतका नेमका निकाल दुसरा नसेल.

ही गोष्ट १९०९ मध्ये संपली असती तर बरं झालं असतं. आता जगातला निम्म्याहून जास्त कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २००१ साली अमेरिकेतले हार्किन आणि एंगल या दोन लोकप्रतिनिधींच्या पुढाकारानं चॉकलेट कंपन्यांनी करार केला की कोकोच्या शेतीतली वाईटातली वाईट बालमजुरी २००५ पर्यंत थांबवू. मुदत वाढली, मग परत वाढली. शेवटी २०२० पर्यंत ती सत्तर टक्क्यांनी कमी करू, असं ठरलं. त्याच २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न एका संस्थेचा अहवाल आला. या दोन देशांत मिळून कोकोच्या कामात साडेपंधरा लाख मुलं होती.

चिऊचा हात थांबला. "म्हणजे हे चॉकलेट..." ती म्हणाली.

"याच्यातला कोको नक्की कुठला, ते पाकिटावर लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

सूनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ओळखलं, आता पुरे. बाहेर येऊन परत पेपर उघडला. पण वाचवेना. कारण आफ्रिकेतल्या मुलांबद्दल मी एवढं तावातावानं बोललो, आणि माझ्या स्वतःच्या हजेरीपटातल्या मुलांबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

माझी नोकरीची पहिली बारा वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात गेली. ज्यांना तो भाग माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दसरा झाला की मुकादम यायचा. उचल तर आधीच दिलेली असायची. दिवाळी उरकली की ट्रक भरून गाव ऊसतोडीला जायचं, कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागं म्हातारी माणसं. पोरं बरोबर, कारण त्यांना ठेवायचं कोणाजवळ? शिवाय धाकट्याला सांभाळायला थोरली लागायचीच. पन्नास मुलांच्या वर्गात दिवाळीनंतर वीस-बावीस उरायची. बाकीची पाडव्यानंतर, कधी अक्षय्य तृतीयेला परत यायची. तोपर्यंत परीक्षा तोंडावर आलेली. मी काय करायचो? 'गै' लिहायचो. गैरहजर. एका ओळीत महिनाभराचे 'गै'. लागोपाठ फार झाले की नियमाप्रमाणे नाव कमी. मी नियम मोडला नाही कधी. साहेबांनी हजेरीपटावर 'व्यवस्थित' असा शेरा दिलेला आहे.

१९७९ ची गोष्ट असेल. तिसरीत एक मुलगी होती. तिचं नाव मला आठवतं, इथं लिहीत नाही. अक्षर वाईट, गणित बरं, आणि हातात मात्र जादू. पोळ्याला सगळीच मुलं मातीचे बैल करतात, पण हिचा बैल मान वाकडी करून बघायचा. त्या वर्षी ती दिवाळीनंतर गेली आणि पाडव्यानंतर आली. शाळेत आली तेव्हा हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. "गुर्जी, तुमाला आणलाय." उघडली तर आत गुळाचा बैल. तोडीच्या फडाजवळ गुऱ्हाळ होतं. तिथल्या माणसानं पोरांना काहिलीतला गरम गूळ दिला. बाकीच्यांनी खाल्ला. हिनं अर्धा धाकट्या भावाला दिला आणि उरलेला थंड व्हायच्या आत मळून त्याचा बैल केला. गूळ फार पटकन आवळतो, हात भाजतो. आता चॉकलेट मळल्यावर मला कळतं की ते किती अवघड असेल. बैल मान वाकडी करून बघत होता.

मी काय केलं? "छान आहे," म्हणालो. टेबलावर ठेवला. मग तिला म्हणालो, "एवढं करण्यापेक्षा पाढे पाठ केले असतेस तर?" हसू नका, असंच म्हणालो. तेव्हा मी नोकरी करता करता बी.ए. करत होतो, इतिहास घेऊन. पुस्तकात वसाहतींमधल्या मळ्यांवर एक प्रकरण होतं. ते वाचून मी हळहळत होतो. समोर उसाच्या फडातून आलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी होती आणि ती मला त्या प्रकरणातली वाटली नाही. बैलाला दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. शिपायानं तो बाहेर टाकला. पुढच्या वर्षी ती दिवाळीला गेली ती परत शाळेत आली नाही. मी 'गै' लिहीत राहिलो आणि मग नाव कमी केलं.

माझं एकट्याचं हे काम नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पुढे साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, २०१० मध्ये शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. माझ्यानंतरच्या कितीतरी शिक्षकांनी फडांवर जाऊन मुलं शोधली, वर्ग भरवले. तेव्हा तसं काहीच नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकतो. पण कुरणशाळा होत्या ना! त्यावर मला नऊ मार्क होते ना!

संध्याकाळी चिऊ बाहेर आली, मांडीशी बसली. मी तिला हे सगळं सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित. तिनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आबा, ती येऊ शकत नव्हती तर तुम्ही जायचं ना तिच्याकडे. त्या गुरांवाल्या बाईंसारखं."

मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस झाला. केकवर पाच गुलाब, माझा कोबी, आणि धाकट्यानं नव्यानं केलेला (या वेळी न खाल्लेला) एक साप. पोरांनी दोन मिनिटांत सगळं फस्त केलं. एवढी मेहनत अशी क्षणात संपते याचं मुलांना वाईट वाटत नाही, आपल्याला वाटतं. या असल्या वस्तू खाण्यासाठीच केलेल्या असतात. आईचा बाजूबंदही आम्ही असाच संपवला होता. पण गुळाचा बैल कोणी खाल्ला नाही, याची मला आता चुटपुट लागून राहिली आहे. मी तो तिच्यासमोर मोडून तिच्याबरोबर खायला हवा होता. तो त्यासाठीच आणला होता तिनं.

परवा मी त्या गावातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तोही आता पंचाहत्तरीचा. तिच्या वडलांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, त्या वस्तीवर आता नवी पिढी आहे, विचारून बघतो. ती असेल तर पन्नाशी ओलांडलेली असेल, नातवंडं असतील. ती नातवंडं दिवाळीनंतर कुठं असतात, हेही मला विचारायचं आहे. अजून त्याचा उलट फोन आलेला नाही. आला की लिहीन.

ता. क. नाशिकच्या ताईनं फोनवर प्रमाण विचारलं होतं, म्हणून देतो. काळं चॉकलेट २०० ग्रॅम असेल तर लिक्विड ग्लुकोज ७० ग्रॅमच्या आसपास. पांढरं चॉकलेट असेल तर ५० पुरे. पाक किंचित कोमट करून घाला, गोळा होताच ढवळणं थांबवा, आणि किमान रात्रभर ठेवून मगच मळा. मुलांना जवळ घेऊन बसा. ती प्रश्न विचारतील.